आंद्रे द जायंट: नुसताच अवाढव्य, की खरोखर चांगला पैलवानही?

आंद्रे द जायंट हे नाव ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना एकच चित्र आठवतं. काळ्या, एका खांद्यावर पट्टा असलेल्या पोशाखातला डोंगराएवढा माणूस रिंगच्या मधोमध उभा आहे. पिवळ्या चड्डीतला हल्क होगन त्याला उचलतो आणि धाडकन खाली आपटतो. स्टेडियम दणाणून जातं.

आणि या चित्रापाठोपाठ एक वाक्यही हमखास येतं: "माणूस प्रचंड होता, पण कुस्ती काही येत नव्हती. नुसता उभा राहायचा."

तुमच्या घरात ९०च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहत मोठा झालेला एखादा काका, मामा किंवा दादा असेल, तर त्याला विचारून बघा. तोही बहुधा असंच काहीतरी म्हणेल. त्याचं अगदीच चुकतंय असं नाही. त्याने जे पाहिलं, ते तसंच होतं. पण त्याने आंद्रेच्या कारकिर्दीची शेवटची चार-पाच वर्षं पाहिली. त्याआधीची वीस वर्षं त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

आज इंटरनेटवर ते जुने सामने सापडतात. ते पाहिले की दुसराच आंद्रे समोर येतो. चला तर मग, या माणसाच्या कौशल्याचा हिशेब एकदा नव्याने मांडूया.

निकाल ठरलेला असतो, मग कौशल्य कशाचं?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करूया. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. तिथे कोण जिंकणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. टीव्हीवरच्या प्रोफेशनल रेसलिंगमध्ये मात्र कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मग प्रश्न पडतो, जिथे जिंकणंच ठरलेलं आहे तिथे 'चांगला पैलवान' म्हणायचं तरी कुणाला?

उत्तर सोपं आहे. चांगला पैलवान तो, जो समोरच्याला इजा न करता मारामारी खरी वाटायला लावतो. कधी पडायचं, कधी उभं राहायचं आणि कधी थांबायचं हे त्याला कळतं. वीस हजार माणसांना तो एकाच क्षणी खुर्चीतून उठवू शकतो. उलट्या उड्या मारता येणं हा या कौशल्याचा एक भाग झाला. तेवढ्यावर सगळं ठरत नाही.

ही मोजपट्टी लक्षात ठेवा. आंद्रेबद्दल बोलताना ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

शेतावरचा मुलगा पॅरिसला जातो

आंद्रे रने रुसिमॉफ याचा जन्म १९ मे १९४६ रोजी फ्रान्समधल्या कुलोमिए इथे झाला. वडील बल्गेरियाचे आणि आई पोलंडची, दोघंही फ्रान्समध्ये स्थलांतरित झालेली. घरची शेती होती. मुलगा लहानपणापासूनच इतरांपेक्षा खूप उंच आणि ताकदवान. विशीच्या आतच तो पॅरिसला गेला आणि कुस्ती शिकू लागला.

इथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या काळात फ्रान्समध्ये प्रो-रेसलिंगला 'कॅच' म्हणत आणि ते टीव्हीवर खूप लोकप्रिय होतं. फ्रेंच कॅचची शैली चपळ होती. पकड, सुटका, पुन्हा पकड, मध्येच कोलांटी, असा तो खेळ. आंद्रे या वातावरणात तयार झाला. म्हणजे त्याला कुणी फक्त उंची बघून थेट रिंगमध्ये उभं केलं नव्हतं. तो आधी कुस्ती शिकला, मग प्रसिद्ध झाला.

त्या काळातल्या उपलब्ध चित्रफितींमध्ये दिसणारा तरुण तुलनेने सडपातळ आहे. केस कुरळे, पाय लांबसडक. तो दोरांवरून वेगाने परत येतो. प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून गुडघ्यावर बसतो आणि पटकन उठतो. दोन्ही पाय हवेत उचलून समोरच्याच्या छातीवर मारायचे, त्याला 'ड्रॉपकिक' म्हणतात. एवढ्या मोठ्या देहाचा हा माणूस तीसुद्धा मारायचा! नंतरच्या आंद्रेला ओळखणाऱ्यांना हे पाहून धक्काच बसतो.

१९७० मध्ये तो 'मॉन्स्टर रुसिमॉफ' या नावाने जपानमध्ये खेळला. त्यानंतर कॅनडात, माँट्रियलला, 'जाँ फेरे' म्हणून त्याने नाव कमावलं. तिथे १९७२ मध्ये डॉन लिओ जोनाथन या दुसऱ्या धिप्पाड आणि अतिशय चपळ पैलवानाशी त्याची लढत झाली. ती शतकातली लढत म्हणून गाजवली गेली.

"उड्या मारू नकोस"

१९७३ मध्ये आंद्रे न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट जे. मॅकमहन यांच्याकडे आला. आज आपण ज्या व्हिन्स मॅकमहनला ओळखतो, त्याचे हे वडील. मार्च महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आंद्रेचा पहिला सामना झाला. 'आंद्रे द जायंट' हे नाव इथूनच जगभर गेलं.

मॅकमहन यांनी त्याच्यात एक मोठा बदल घडवून आणला. त्यांचं म्हणणं साधं होतं. छोट्या चणीचे पैलवान उड्या मारतात. तूही उड्या मारल्यास तर तू त्यांच्यातलाच एक दिसशील. तू हलूच नकोस. समोरच्याने धावत येऊन तुझ्यावर आपटावं आणि त्यानेच खाली पडावं. तेव्हा लोकांना कळेल की तू कोण आहेस.

थोडा विचार करा. जे कौशल्य तुम्ही वर्षानुवर्षं कमावलंत, तेच दाखवू नका असं तुम्हाला सांगितलं जातंय. आंद्रेने ते ऐकलं. ड्रॉपकिक हळूहळू मागे पडली. त्यांच्या जागी साध्या गोष्टी आल्या: डोक्याने टक्कर, उंच उचललेला बूट, कोपऱ्यात अडकवून पाठीने दाबणं, पडलेल्या माणसावर बसणं.

आपल्याला हा 'काही न येणारा' आंद्रे वाटतो. प्रत्यक्षात हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, आणि धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर ठरला.

मॅकमहन यांनी आणखी एक गोष्ट केली. तेव्हा अमेरिकेत प्रत्येक प्रांताचा कुस्तीचा आयोजक वेगळा असायचा. त्यांनी आंद्रेला एका गावात फार काळ ठेवलं नाही. तो आज इथे, उद्या तिथे, मग जपान, मग मेक्सिको असा फिरत राहायचा. लोकांना तो क्वचितच दिसायचा, त्यामुळे त्याचं अप्रूप टिकून राहायचं.

याचा अर्थ असा की त्याला सतत नव्या पैलवानांसोबत खेळावं लागे, बऱ्याचदा फारशी ओळख नसताना. कधी एकाच वेळी दोघांशी किंवा तिघांशी. शिवाय अमेरिकेत तो सगळ्यांचा लाडका नायक होता, तर जपानमध्ये खलनायक. एकाच देहाने एका देशात हसवायचं आणि दुसऱ्या देशात घाबरवायचं, हे नुसत्या उंचीच्या जोरावर जमत नाही.

वजन टाकणं सोपं, तोलणं कठीण

आंद्रेची जाहिरातीतली उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. जाहिरातीतले आकडे थोडे फुगवलेले असतात हे धरलं तरी माणूस प्रचंड होता यात वाद नाही.

आता कल्पना करा. हा माणूस तुमच्यावर बसणार आहे. त्याने संपूर्ण वजन सोडलं तर तुमच्या बरगड्यांचं काय होईल? आणि अजिबात सोडलं नाही, तर प्रेक्षक हसतील. या दोन्हींच्या मधली जागा त्याला प्रत्येक वेळी अचूक सापडावी लागे. वजन स्वतःच्या पायांवर आणि हातांवर तोलायचं, पण दिसताना मात्र डोंगर कोसळला असं दिसायला हवं.

त्याची एक ठरलेली युक्ती होती. धडपडत तो दोरांवर जाऊन पडायचा आणि त्याचे दोन्ही हात वरच्या दोन दोरांमध्ये अडकायचे. मग समोरचा पैलवान हवे तसे तडाखे द्यायचा. प्रेक्षक ओरडायचे, जीव टांगणीला लागायचा. या एका युक्तीने दोन गोष्टी साधायच्या. कितीही छोटा प्रतिस्पर्धी असला तरी काही मिनिटं तो बरोबरीचा वाटायचा. आणि आंद्रेला जमिनीवर पडावंच लागायचं नाही. खाली पडलेला राक्षस राक्षस राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९७६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याचा सामना चक वेपनर या बॉक्सरशी झाला. हा तोच वेपनर, जो आदल्या वर्षी मुहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला होता. आंद्रेने त्याला उचलून सरळ दोरांवरून बाहेर टाकलं. ठोसे मारणारा बॉक्सर आणि न हलणारा डोंगर, गोष्ट एवढीच. पण स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती कळली.

आंद्रेला उचललं, की त्याने उचलू दिलं?

आंद्रेबद्दलची सगळ्यात मोठी दंतकथा म्हणजे होगनच्या आधी त्याला कुणीच उचलून आपटलं नव्हतं आणि तो १५ वर्षं हरला नव्हता. १९८७ ची जाहिरात तशीच होती. पण ते खरं नाही.

हार्ली रेसने त्याला उचललं होतं. स्टॅन हॅन्सनने जपानमध्ये आणि कानेकने मेक्सिकोमध्ये उचललं होतं. खुद्द होगनने १९८० मध्येच शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटलं होतं! आणि १९८६ च्या जूनमध्ये, म्हणजे त्या जाहिरातीच्या अवघे नऊ महिने आधी, जपानच्या अँटोनिओ इनोकीने हाताच्या पकडीत अडकवून आंद्रेला हार मानायला लावली होती.

आता मुद्द्याचं बोलूया. दोनशे किलोंच्या वर वजन असलेल्या माणसाला त्याच्या मदतीशिवाय उचलणं जवळपास अशक्य आहे. उचलला जाणारा माणूस थोडी उडी घेतो, तोल सांभाळतो, तेव्हा तो डाव दिसतो. म्हणजे आंद्रेला ज्यांनी उचललं, त्यांना आंद्रेने उचलू दिलं.

हे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल होतं. "मी आंद्रेला उचललं" या एका वाक्यावर एखाद्या पैलवानाचं नाव होऊ शकत होतं. हा मान कुणाला, कुठे आणि कधी द्यायचा, यात आंद्रेचा शब्द शेवटचा असे. ज्या खेळात निकाल ठरलेला असतो, तिथे असा मान वाटणं हीसुद्धा कलाच आहे. तो मान रोज वाटला असता तर त्याची किंमत उरली नसती. कधीच दिला नसता, तर पुढचा कुणी मोठाही झाला नसता.

१९८१: मोडलेला घोटा आणि टोकियोची रात्र

तुम्हाला आंद्रेचं फक्त एकच वर्ष पाहायचं असेल, तर १९८१ पाहा.

त्या वर्षी मे महिन्यात त्याचा घोटा मोडला. खरं कारण अगदी घरगुती होतं. सकाळी पलंगावरून उतरताना पाय मोडला. पण कुस्तीच्या गोष्टीत ते कसं सांगणार? मग जपानी पैलवान किलर खानने उडी मारून आंद्रेचा पाय मोडला, असं दाखवलं गेलं. त्यातून एक जबरदस्त सूडकथा उभी राहिली. आंद्रे बरा होऊन परतला आणि दोघांमध्ये वर्षाच्या शेवटापर्यंत रंगतदार सामने झाले.

आणि २३ सप्टेंबर १९८१ रोजी, म्हणजे घोटा मोडल्याला पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा तो टोकियोच्या देनेन कोलिसियममध्ये टेक्सासच्या स्टॅन हॅन्सनसमोर उभा होता. हॅन्सन म्हणजे धावता बैलच. दोघंही एकमेकांवर अक्षरशः तुटून पडले. हॅन्सनने आंद्रेला उचलून आपटलं तेव्हा मैदानात जो आवाज झाला, तो आजही त्या चित्रफितीत ऐकू येतो. दोघंही रिंगबाहेर राहिल्यामुळे सामना एकदा बरोबरीत संपला, तर लढत पुन्हा सुरू करावी लागली.

या सामन्यात आंद्रे धावतो. पडतो. उठतो. समोरच्याला मोठं करतो आणि स्वतःही लहान होत नाही. मोठ्या देहाच्या पैलवानांचा उत्तम सामना कोणता, असं विचारलं की जपानी कुस्तीचे जाणकार आजही हाच सामना पुढे करतात.

'रेसलिंग ऑब्झर्व्हर' नावाचं अमेरिकेतलं एक बातमीपत्र वाचकांच्या मतांवरून दरवर्षी पुरस्कार देतं. त्यांच्या यादीत १९८१ ची सर्वोत्तम वैरकथा कोणती? आंद्रे आणि किलर खान. त्याच यादीत १९८७ चा सर्वांत वाईट सामना कोणता? आंद्रे आणि होगन. १९८९ चा सर्वांत वाईट पैलवान? तोही आंद्रेच.

माणूस तोच, मतं देणारी यादीही तीच. मग मधल्या सहा-आठ वर्षांत असं काय घडलं?

शरीर आतून काय करत होतं?

आंद्रेची उंची हा निव्वळ निसर्गाचा चमत्कार नव्हता. तो आजार होता.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. ती वाढीचं हार्मोन तयार करते. या ग्रंथीवर गाठ झाली तर हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागतं. बहुतेक वेळा ही गाठ कर्करोगाची नसते. लहानपणी, हाडांची वाढ सुरू असतानाच असं झालं तर मूल अतिशय उंच होतं. त्याला 'जायगँटिझम' म्हणतात. हाडांची लांबी वाढणं थांबल्यावरही हार्मोन येत राहिलं, तर हात, पाय, जबडा, कपाळ रुंद आणि जाड होत जातात. त्याला 'अ‍ॅक्रोमेगली' म्हणतात. सांधे झिजतात, पाठीचा कणा दुखू लागतो आणि हृदयावर ताण येतो.

म्हणजे ज्या गोष्टीने आंद्रेला जगप्रसिद्ध केलं, तीच त्याला दरवर्षी थोडं थोडं मोडत होती. १९८१ मध्ये घोट्यावर उपचार सुरू असताना डॉक्टरांनी या आजारावरही इलाज सुचवला होता. आंद्रेने नकार दिला. शस्त्रक्रियेने आणि औषधांनी वाढ रोखता येते. पण ज्याचं पोट, नाव, सगळी ओळख त्या देहावर उभी आहे, त्याच्यासाठी हा निर्णय किती अवघड असेल, याचा विचार आपणही करून पाहावा.

१९८६ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमारास 'द प्रिन्सेस ब्राइड' या चित्रपटात त्याने फेझिक नावाच्या प्रेमळ राक्षसाची भूमिका केली. त्यात नायिकेला हातांवर झेलायचं एक दृश्य आहे. पडद्यावर ते सहज दिसतं. प्रत्यक्षात नायिकेचा भार वायरने पेलला होता, कारण आंद्रेच्या पाठीला तेवढंही वजन झेपत नव्हतं.

आणि याच पाठीवर पट्टा बांधून तो काही महिन्यांनी होगनसमोर उभा राहिला.

त्या बारा मिनिटांकडे पुन्हा पाहूया

२९ मार्च १९८७, पाँटियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. कंपनीने जाहीर केलेली प्रेक्षकसंख्या ९३,१७३. हा आकडा वाढवून सांगितला असं अनेक अभ्यासक मानतात. तरी स्टेडियम खच्चून भरलं होतं, हे चित्रफितीत दिसतंच.

त्याच संध्याकाळी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांचा वेगवान, देखणा सामना झाला. तो आजही सर्वोत्तम सामन्यांमध्ये गणला जातो. त्याच्याशेजारी आंद्रे-होगन सामना संथ आणि जड वाटतो. डावांची संख्या मोजली तर तो गरीबच आहे.

पण आता आपली मोजपट्टी लावून पाहा. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो आणि त्याच्याच वजनाखाली कोसळतो. पंच जमिनीवर हात आपटतो, एक, दोन... आणि होगन जेमतेम सुटतो. पहिल्याच मिनिटात प्रेक्षकांच्या मनात शंका पेरली गेली. त्यानंतर आंद्रे त्याला मिठीत आवळून बराच वेळ उभा राहतो. टीकाकार म्हणतात, इथे आंद्रे विश्रांती घेत होता. बरोबर आहे, घेत होता. पण ती विश्रांती त्याने गोष्टीत अशी बसवली की होगनची शुद्ध हरपतेय की काय, याकडेच स्टेडियमचं लक्ष लागलं.

शेवटी होगन धावत येऊन आंद्रेला पहिल्यांदा खाली पाडतो. मग उचलतो. आपटतो. संपलं. ज्या माणसाला वाकणंही कठीण होतं, त्याने फक्त एकदा-दोनदा पडून सामना संपवला, आणि प्रत्येक पडणं त्या जागी पोहोचल्यावरच केलं. तो नीट पडला नसता किंवा उचलताना त्याने साथ दिली नसती, तर होगनचा तो क्षण घडलाच नसता. टाळ्या होगनला मिळाल्या. काम दोघांचं होतं.

मग सगळंच माफ करायचं का?

नाही. हिशेब नव्याने मांडायचा तर दुसरा रकानाही भरायला हवा.

१९८८ नंतरचे त्याचे बरेच सामने खरोखर पाहवत नाहीत. तो दोर धरून उभा राहतो, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायलाही त्याला वेळ लागतो. त्याला आजार होता म्हणून सामना चांगला ठरत नाही. ज्याने पैसे देऊन तिकीट काढलं, त्याची निराशा खरी होती.

शिवाय चांगला पैलवान समोरच्याची काळजी घेतो, हे आपण वर म्हटलं. आंद्रेने ती नेहमीच घेतली असं नाही. एप्रिल १९८६ मध्ये जपानमध्ये अकिरा माएदासोबतचा त्याचा सामना कुप्रसिद्ध आहे. दोघांनीही एकमेकांना साथ दिली नाही. माएदा त्याच्या गुडघ्यांवर खऱ्या लाथा मारत राहिला आणि शेवटी आंद्रे रिंगमध्ये सरळ आडवा पडून राहिला. लढत निकालाविनाच थांबली.

आणि त्याचे चांगले दिवस असतानाही त्याची शैली मर्यादितच होती, हेही मान्य करावं लागेल. त्याच युक्त्या, तेच क्षण. गावोगाव फिरणाऱ्या पैलवानाला ते चालून जायचं. दर आठवड्याला टीव्हीवर दिसू लागल्यावर ते उघडं पडलं.

खली, बिग शो आणि आपण

आपल्याकडे हा विषय आला की ग्रेट खलीचं नाव निघतंच. हिमाचलचा दलीप सिंग राणा, पंजाब पोलिसातून थेट अमेरिकेत पोहोचला आणि २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. त्यालाही हाच आजार. २०१२ मध्ये त्याच्या पिट्युटरीवरच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. "आंद्रे काय नि खली काय, सगळे राक्षस सारखेच" असं लोक सहज म्हणतात. पण खलीने प्रो-रेसलिंग सुरू केलं तेव्हा तो तिशीच्या जवळ होता. आंद्रे विशीच्या आत शिकायला लागला होता आणि तिशीपर्यंत त्याने अर्धं जग पालथं घातलं होतं. दोघांना एकाच तागडीत तोलणं खलीवरही अन्याय आहे आणि आंद्रेवरही.

दुसरं उदाहरण बिग शोचं, म्हणजे पॉल वाइटचं. त्यालाही अ‍ॅक्रोमेगली होती, पण तरुणपणीच शस्त्रक्रिया करून त्याने वाढ थांबवली. १९९५ मध्ये त्याला रिंगमध्ये आणलं ते चक्क 'आंद्रेचा मुलगा' म्हणून. तो पुढे अनेक वर्षं खेळला. आजार वेळेत आवरला तर असा देह किती काळ साथ देऊ शकतो, हे त्याच्याकडे पाहून कळतं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. घरात कुणाची अंगठी अचानक घट्ट होऊ लागली, प्रौढ वयात चपलेचा नंबर वाढला, चेहऱ्याची ठेवण बदलतेय असं जुन्या फोटोंवरून वाटलं किंवा मुलाची उंची वयाच्या मानाने फारच झपाट्याने वाढू लागली, तर डॉक्टरांना, शक्यतो हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नका.

तर मग निकाल काय?

वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी फ्रान्सला गेलेला आंद्रे जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसच्या हॉटेलमध्ये झोपेतच गेला. वय अवघं ४६. जेमतेम महिना-दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो जपानमध्ये रिंगमध्ये उतरत होता. त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफने आपलं हॉल ऑफ फेम सुरू केलं. त्या वर्षी त्यात एकच नाव होतं, आंद्रेचं.

आणि नेमक्या याच सुमारास भारतात घरोघरी केबल पोहोचत होती. म्हणजे आपली ओळख झाली तेव्हा हा माणूस एकतर थकला होता किंवा गेला होता. आपण त्याला ओळखलं ते शेवटच्या फोटोवरून.

माझ्या मते आंद्रे हा सर्वकाळचा सर्वांत कुशल पैलवान नव्हता. पण साधारण १९७० ते १९८१ या काळात तो खरोखर चांगला पैलवान होता. चपळ होता तेव्हा चपळाईने खेळला, थांबायला सांगितलं तेव्हा थांबून खेळला. आणि शरीर संपल्यावरही, एका संध्याकाळपुरतं का होईना, उरलेल्या चार हालचालींत त्याने भरलेलं स्टेडियम हातात ठेवलं. 'कुस्ती येत नव्हती' हा शेरा त्याच्या शेवटच्या पाच वर्षांवर ठीक आहे. संपूर्ण कारकिर्दीवर तो मारणं अन्यायाचं आहे.

या रविवारी थोडा वेळ काढा. आधी १९८१ चा हॅन्सनसोबतचा सामना लावा आणि मग १९८७ चा होगनसोबतचा. क्रम मात्र हाच ठेवा. आणि 'नुसता उभा राहायचा' म्हणणाऱ्या त्या काकांना किंवा मामांनाही शेजारी बसवा. त्यांचं मत बदलतं का, ते आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा!